शाळेची परिचारिका : तपासणी आणि पाठपुरावा



शाळेचा हजेरीपट आपण सर्वांनी पाहिला आहे. गुरुजी नाव पुकारतात, मूल ‘हजर’ म्हणते आणि पटावर खूण होते. जे मूल उत्तर देत नाही, त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागते. ते का आले नाही, हे पट सांगत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणी आईबरोबर शेतात गेलेले असते, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी बसलेले असते. पण पुष्कळ मुले दुखण्यामुळेच घरी राहतात. खरूज, डोळे येणे, कान फुटणे, जंत, अशक्तपणा, यांपैकी कोणतेही दुखणे आपल्याला मोठे वाटत नाही. मात्र त्यात चार दिवस जातात, पुन्हा आठ दिवस जातात. अभ्यास मागे पडतो. मागे पडलेले मूल वर्गात लाजू लागते आणि लाजणारे मूल एक दिवस शाळाच सोडते.

या गैरहजेरीवर उपाय शोधता शोधता सव्वाशे वर्षांपूर्वी एक नवा पेशा जन्माला आला. तो म्हणजे शाळेच्या परिचारिकेचा. आपल्याकडच्या बहुतेक प्राथमिक शाळांत हे पद नाही. मग तिचा इतिहास आपण का वाचावा, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, मुलांना निरोगी ठेवण्याच्या कामात कोणती कडी तुटते आणि ती कोण जोडतो, हे या इतिहासातून फार स्पष्ट दिसते. मोताळ्यासारख्या गावाला ती कडी आजही स्वतःच जोडावी लागते.

पुण्यातील दोन शिक्षिका

आरंभ आपल्याच मुलखातून करू. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी मुलींना शिकवण्यास सुरुवात केली. १८५६ च्या ऑक्टोबरात त्या आजारी पडून माहेरी, नायगावला होत्या. १० ऑक्टोबर रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा मजकूर त्या पत्रात आहे. फातिमा शेख यांच्या कार्याची आठवण देणारा हा उल्लेख मोलाचा आहे. आजारपण आणि शाळा यांचे नाते किती जुने आहे, हेही त्यातून दिसते. एकीला दुखणे आले तेव्हा दुसरीने भार उचलला, असे ते पत्र सांगते.

पुढे १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली. सावित्रीबाईंचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे पोहोचवले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रात मुलींच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या या शिक्षिकेचे अखेरचे काम म्हणजे एका आजारी मुलाला दवाखान्यापर्यंत नेणे होय. ‘परिचारिका’ हे नाव त्यांना कोणी दिले नव्हते. पण परिचारिकेचे जे मुख्य काम, म्हणजे रोगी मूल आणि उपचार यांच्यामधले अंतर तोडणे, ते त्यांनी केले.

तपासणीने वर्ग रिकामे झाले

याच सुमारास विलायतेत हा पेशा आकार घेत होता. १८९२ साली लंडनच्या ड्र्युरी लेन भागातील शाळेत एमी ह्यूज ही परिचारिका जाऊ लागली. गरीब मुलांच्या पोटापाण्याची व प्रकृतीची विचारपूस हा तिचा हेतू होता. १८९८ साली लंडनमध्ये शाळेच्या परिचारिकांची एक संस्थाच निघाली. पुढे बोअर युद्धासाठी सैन्यभरती सुरू झाली, तेव्हा पुष्कळ तरुण शरीराने अपात्र ठरले. लहानपणीच प्रकृतीकडे दुर्लक्ष झाले तर देशाचे नुकसान होते, हे सरकारला उमगले आणि १९०७ च्या कायद्याने इंग्लंडच्या शाळांत वैद्यकीय तपासणी लागू झाली.

आपल्याला अधिक शिकवण देणारी हकीकत मात्र अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराची आहे. तेथे १८९७ पासून शाळांत डॉक्टर येऊन मुले तपासत होते. ज्याच्या डोळ्यांत खुपऱ्या, डोक्यात उवा, अंगावर खरूज किंवा गजकर्ण दिसे, त्याला चिठ्ठी देऊन घरी पाठवीत. संसर्ग पसरू नये हा त्यांचा हेतू चांगलाच होता. पण पुढे काय होई? परदेशांतून पोटासाठी आलेल्या त्या कष्टकरी आई-बापांना चिठ्ठीतली भाषाच समजत नसे. समजली तरी दवाखान्यात नेण्यास सवड नसे. मूल रस्त्यावर हिंडे, आणि ज्या सोबत्यांना रोग लागू नये म्हणून त्याला वर्गातून काढले, त्यांच्याशीच संध्याकाळी खेळे! रोग तसाच राहिला आणि शाळा मात्र बुडाली.

लिलियन वॉल्ड ही परिचारिका त्याच गरीब वस्तीत राहून काम करीत असे. तिने बारा वर्षांच्या एका मुलाची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. डोक्यावरच्या इसबामुळे तो जेव्हा जेव्हा शाळेत जाई, तेव्हा तेव्हा त्याला परत पाठवले जाई. त्यामुळे तो अक्षरशत्रू राहिला होता. वॉल्डने मलम आणून दिले, ते कसे लावायचे हे घरी समजावले, आणि तो मुलगा शाळेत दाखल झाला. जे काम थोड्या मलमाने आणि घरच्या दोन-चार फेऱ्यांनी झाले, ते न झाल्यामुळे त्याची कितीतरी वर्षे वाया गेली होती.

वॉल्डच्या आग्रहावरून १ ऑक्टोबर १९०२ रोजी एक प्रयोग सुरू झाला. लिना रॉजर्स या परिचारिकेकडे एका महिन्यासाठी चार शाळा आणि सुमारे १०,००० मुले सोपवण्यात आली. तिने केले काय? किरकोळ दुखण्यावर शाळेतच मलमपट्टी केली आणि मुलाला पुन्हा वर्गात बसवले. ज्यांना घरी राहणे भाग होते, त्यांच्या घरी ती स्वतः गेली. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा अर्थ आईला सांगितला, औषध कसे द्यायचे ते दाखवले, आणि मूल शाळेत परतेपर्यंत पिच्छा सोडला नाही. महिनाभरातच नगराच्या आरोग्य खात्याची खात्री पटली आणि आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये शाळेतून घरी पाठवलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. सप्टेंबर १९०३ मध्ये ती १,१०१ वर आली.

वाचकहो, हे आकडे पुन्हा एकदा वाचा. डॉक्टर आधीही होते, तपासणी आधीही होत होती, चिठ्ठ्याही लिहिल्या जात होत्या. तरीही दहा हजारांवर मुले बाहेर होती. नवी गोष्ट एकच घडली होती : चिठ्ठीमागोमाग एक माणूस घरापर्यंत जाऊ लागला होता.

बडोद्यापासून मोताळ्यापर्यंत

आपल्या देशात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम झाली ती १९०९ साली, बडोदा शहरात. तेव्हाचे महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिककडच्या कवळाणा गावचे, शेतकरी घरातले. त्यांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलांना सक्तीने शाळेत आणले की त्यांच्या प्रकृतीची जबाबदारीही राज्यावर येते, हे ओघानेच आले. त्या काळी आपले मोताळा वऱ्हाडात, मध्यप्रांताच्या कारभाराखाली होते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा. हिंदुस्थानात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही, आणि जेथे आहे तेथे ती अपुरी आहे, असा या समितीचा निष्कर्ष होता. १९६० साली श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली आणि १९६१ साली तिचा अहवाल आला.

खेडोपाडी मात्र शाळेला स्वतंत्र परिचारिका मिळाली नाही. ते काम प्राथमिक आरोग्य केंद्राकडे गेले. केंद्राखाली उपकेंद्र आणि उपकेंद्रात आपली सिस्टर, म्हणजे आरोग्यसेविका. साधारण ५,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असे सरकारी प्रमाण आहे. गरोदर बायकांची नोंद, बाळंतपणे, लसी, तापाच्या साथी, कुटुंबनियोजन, आणि त्यातून वेळ उरला तर शाळा. सिस्टर कष्टाळू असतात, याबद्दल शंका नाही. पण लिना रॉजर्सचे काम करायला त्यांच्याकडे दिवसाचे तास पुरत नाहीत, हेही तितकेच खरे.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही योजना आहे. तिच्या फिरत्या पथकात एक पुरुष व एक स्त्री असे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा यावे, अशी आखणी आहे. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वे वगैरेंची कमतरता आणि वाढीतला उशीर, अशा चार गटांतील ३० दोष पथक शोधते. दोष आढळला तर पुढचे उपचार, गरज पडल्यास शस्त्रक्रियासुद्धा, मोफत होतात. ज्या बापाने कर्ज काढूनही मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया करता आली नसती, त्याच्या दारापर्यंत ही सोय आली आहे. ही लहानसहान गोष्ट नव्हे.

चिठ्ठी घरी पोहोचल्यावर

पथक शाळेत आले की काय होते, हे विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. वजन होते, उंची होते, तक्त्यावरची अक्षरे वाचायला लावतात, दात, कान, कातडी पाहतात. पथकातील परिचारिका मोठ्या मुलींना बाजूला घेऊन त्यांची विचारपूस करते, कारण काही गोष्टी मुलगी पुरुषासमोर बोलत नाही. मग ज्या मुलात दोष आढळतो, त्याच्या हाती चिठ्ठी दिली जाते. पथकाची गाडी पुढच्या गावी निघून जाते.

त्या चिठ्ठीचे पुढे काय होते, ह्यावर सर्व काही अवलंबून आहे. आणि येथेच न्यूयॉर्कची जुनी गोष्ट आपल्या घरात शिरते. चिठ्ठी मराठीत किंवा इंग्रजीत, आणि घरात वाचता येते ती उर्दू. किंवा वाचता येणारे कोणी घरीच नसते. पुढील तपासणीसाठी बुलढाण्याला जायचे, तर राजूरचा घाट चढून जावे लागते. बापाची एका दिवसाची मजुरी बुडते आणि दोघांचे एस. टी. भाडे वेगळे. कापूस फुटलेला असेल तर आई म्हणते, वेचणी होऊ द्या, मग पाहू. चष्मा लागला असे कळले की कोणी हळूच म्हणते, मुलीच्या नाकावर चष्मा बसला तर उद्या सोयरीक कशी जमेल? अशा रीतीने चिठ्ठी एखाद्या डब्यात जाऊन पडते. मुलगी फळ्यावरचे अंधुक पाहत राहते आणि तिला ‘अभ्यासात कच्ची’ हे नाव पडते. सुमार नजरेला आपण सुमार बुद्धी समजून बसतो.

अशक्तपणाचेही असेच आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांत रक्त कमी आढळले. देशभरातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींत हे प्रमाण ५९.१ टक्के होते. म्हणजे मूल शाळेत येते तेच पुष्कळदा रक्त कमी घेऊन, आणि मुलगी शाळेतून बाहेर पडते तीही तशीच. यासाठी शाळेतून आठवड्याला एक लोहाची गोळी आणि ठरलेल्या दिवशी जंताची गोळी देण्याचा कार्यक्रम आहे. गोळी जेवणानंतर घ्यावी, तिच्या आगेमागे चहा पिऊ नये, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू असावे, त्याने लोह चांगले लागते. गोळीमुळे शौचास काळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. इतके साधे चार शब्द आईला कोणी सांगितले तर ती गोळी थांबवणार नाही. न सांगितल्यास एका मुलाला मळमळले की साऱ्या मोहल्ल्यात अफवा पसरते आणि शंभर मुलांच्या गोळ्या बंद होतात.

अफवा आणि विश्वास

अफवेची किंमत आपल्या समाजाने मोजलेली आहे, म्हणून याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. देवीचा रोग आपल्या आजोबा-आजींनी पाहिला. त्यांच्या दंडावरचे व्रण त्याची साक्ष देतात. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला तो घरोघर जाणाऱ्या माणसांमुळे. पोलिओच्या डोसाविषयी एके काळी अनेक मुस्लिम वस्त्यांत संशय होता. उत्तर प्रदेशात इमामांनी मशिदींतून आवाहने केली, समाजातीलच बायका दारोदार फिरल्या, तेव्हा तो संशय विरला. देशातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा आहे आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

याउलट, २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीत, तसेच भिवंडी व मालेगावात गोवराची साथ आली आणि त्यात लहान मुले दगावली. या आपल्या समाजाची मोठी वस्ती असलेल्या जागा आहेत. गोवराची लस मोफत मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. ज्यांचे डोस राहिले, त्यांच्यात गोवर फैलावला. लस शीतपेटीत तयार होती, पण ती आणि मूल यांच्यामध्ये विश्वासाचे माणूस हवे होते.

आपण काय करू शकतो?

प्रत्येक शाळेला परिचारिका मिळावी, ही मागणी रास्त आहे व ती आपण करीत राहिले पाहिजे. पण ती मिळेपर्यंत हात बांधून बसणे बरे नाही. २०२० पासून आयुष्मान भारत योजनेच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्याचे काम शिकवण्याची योजना आहे. तिच्या जोडीला प्रत्येक शाळेने एक साधी वही ठेवावी. तिच्यात चार रकाने असावेत : मुलाचे नाव, काय आढळले, कोठे व केव्हा पाठवले, आणि पुढे काय झाले. पहिले तीन रकाने पथक येईल त्या दिवशीच भरतील. चौथा रकाना रिकामा राहील, आणि तो भरून काढणे हेच खरे शालेय परिचारिकेचे काम आहे. शिक्षक-पालक सभेत हा चौथा रकाना वाचून दाखवावा. मुलाचे नाव न घेता, फक्त किती बाकी आहेत एवढे सांगावे.

पालकांनी पथकाचा दिवस आधी विचारून घ्यावा आणि आई किंवा वडील, एकाने तरी त्या दिवशी शाळेत हजर राहावे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट चिठ्ठीपेक्षा अधिक कळते. दवाखान्यात जायचे असेल तर एका मोहल्ल्यातील चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा. एका जाणत्या माणसाने सर्वांना घेऊन जावे. मजुरी एकाची बुडेल, काम पाच मुलांचे होईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडेही काम आहे. घरी चिठ्ठी वाचणारे तुम्हीच असता. ती अम्मीला वाचून दाखवा, समजावून सांगा. शेजारी बसणाऱ्याला खरूज झाली तर त्याला चिडवू नका आणि गुरुजींपासून लपवूही नका. चष्मा लागलेल्या मुलीला नाव ठेवू नका.

आणि ज्या मुली बारावीपर्यंत पोहोचल्या आहेत, त्यांच्या आई-वडिलांना एक विनंती. परिचारिकेचा पेशा आपल्या मुलींना शोभत नाही, असा समज काही घरांत अजून आहे. इस्लामच्या आरंभकाळी मदीनेत रुफैदा अल्-अस्लमिया यांनी मशिदीच्या आवारात तंबू उभारून जखमींची शुश्रूषा केली. खंदकाच्या लढाईत, इ. स. ६२७ साली, जखमी झालेले साद बिन मुआज यांना त्यांच्याच तंबूत ठेवले होते, असा उल्लेख आहे. तेव्हा या पेशाबद्दल संकोच बाळगण्याचे कारण उरत नाही. बारावीनंतर आरोग्यसेविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सामान्य परिचर्येचा तीन वर्षांचा आणि पदवीचा चार वर्षांचा असतो. आपल्या मोहल्ल्यातील मुलगी सिस्टर होऊन दारात उभी राहिली, तर तिला चिठ्ठीचा अर्थ आपल्या भाषेत सांगता येईल, आणि तिच्यापुढे अफवा टिकणार नाही.

तोवर आपल्या प्रत्येक घराला थोडे थोडे परिचारिकेचे काम करावे लागेल. मागील तपासणीत आपल्या मुलाला चिठ्ठी मिळाली होती का, हे आज रात्री त्याला विचारा. मिळाली असेल तर ती शोधून काढा. तारीख उलटून गेली असली तरी ती घेऊन दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांनी काय सांगितले ते दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना कळवा.